मसुराची उसळ आणि पॅरिसचे बिस्त्रो

नापतौल विभागात छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाबरोबर बाहेर जेवायला जाऊ नये, याविषयी आमच्या घरात कधीच दुमत नव्हते. (महाराष्ट्रात या खात्याला वैधमापन असे भारदस्त नाव आहे, आम्ही मध्य प्रदेशातील मंडळी आपली नापतौलवाले.) सराफ्यात रात्री गराडू खाताना माझे लक्ष चवीपेक्षा तराजूच्या काट्याकडे असे, आणि मिठाईवाला खोक्यासकट बर्फी तोलू लागला की मी नुसता घसा खाकरला तरी शेजारचे दोन दुकानदार आपापली खोकी बाजूला ठेवीत. "तुमच्याबरोबर खायला जाणे म्हणजे छाप्यावर जाणे," असे आमची मंडळी म्हणत असे. ती हे म्हणत असे ते हसत, परंतु पुढे पुढे तिने माझ्याबरोबर सराफ्यात येणे सोडलेच. अशा माणसाला त्याच्या मुलीने पॅरिसमधील एका आठ टेबलांच्या बिस्त्रोत जेवायला नेले, त्या संध्याकाळची ही हकिकत आहे.

मुलगी २०१२ साली शिकायला म्हणून तिकडे गेली आणि नोकरी लागून राहिली. तिच्याकडे जायचे आम्हा उभयतांचे अनेक वर्षे ठरत होते. कधी माझी रजा आडवी आली, कधी घराचे काम. मग २०२१ चा एप्रिल आला. त्या महिन्यात इंदूरमधील कोणत्या घरात काय घडले हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगायला नको. ही गेली. माझ्या निवृत्तीला तेव्हा तीन महिने उरले होते. त्यानंतर तीन वर्षे मी मुलीच्या प्रत्येक आमंत्रणाला काहीतरी कारण सांगून नकार देत राहिलो, आणि शेवटी २०२४ च्या जूनमध्ये, गुडघे आणखी वर्षभर साथ देतील की नाही या शंकेने, गेलो.

खरे सांगायचे तर पॅरिसमध्ये मला पाहायचे होते ते आयफेल मनोरा वगैरे नव्हे. रू द व्होजिरार या रस्त्यावर, लक्झेंबर्ग राजवाड्यासमोरच्या कमानीखाली, ३६ क्रमांकाच्या घराच्या भिंतीत एक संगमरवरी पट्टी बसवलेली आहे. ती म्हणजे एक मीटर. राज्यक्रांतीनंतर १७९५ च्या कायद्याने दशमान मापे आली, परंतु लोकांना मीटर म्हणजे केवढा हेच कळेना. म्हणून १७९६-९७ च्या सुमारास शहरात सोळा ठिकाणी असे मीटर बसवण्यात आले. मूळ जागी राहिलेला हा एकच. मी त्या पट्टीवर हात ठेवून पाच मिनिटे उभा होतो. आपल्याकडे १९५६ चा कायदा येऊन शेर, छटाक, तोळा गेले आणि किलोग्रॅम आला. त्याच्या आधारावर मी आयुष्यभर लोखंडी वजनांवर शिक्के मारले. त्या सगळ्याचे मूळ या वीतभर उंचीच्या कट्ट्यापाशी होते. जाणारे-येणारे माझ्याकडे पाहत होते. मुलीने माझा फोटो काढला आणि म्हणाली, "बाबा, काशीला गेल्यासारखे दिसताय." दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिने मला बिस्त्रोत नेले.

बिस्त्रो म्हणजे काय, हे मला आधी ठाऊक नव्हते. आपल्याकडे या नावाच्या पाट्या हल्ली पुष्कळ दिसतात आणि आत पास्ता व पिझ्झा मिळतो, म्हणून माझी अशी समजूत की बिस्त्रो म्हणजे महागडे काहीतरी. प्रत्यक्षात तो गल्लीतला, घरगुती, साध्या जेवणाचा खाणावळवजा प्रकार आहे. शब्दाच्या उगमाची एक गोष्ट सांगतात: १८१४ साली रशियन सैन्य पॅरिसमध्ये शिरले तेव्हा कोसॅक सैनिक दुकानदारांना 'बिस्त्रा, बिस्त्रा' म्हणजे 'लवकर, लवकर' असे दटावीत, त्यावरून हे नाव पडले. मोंमार्त्रच्या टेकडीवरील एका खाणावळीवर तशी पाटीही आहे. परंतु भाषेचे अभ्यासक ती गोष्ट मानीत नाहीत, कारण हा शब्द छापील स्वरूपात आढळतो तो १८८४ च्या सुमारास, म्हणजे सैनिक परत जाऊन सत्तर वर्षे लोटल्यावर. शिवाय ज्याने बिस्त्रोत एकदा जेवून पाहिले आहे त्याला तेथे 'लवकर' या शब्दाचा काही संबंध असेल हे पटणे कठीण. आम्ही आठ वाजता बसलो आणि उठलो तेव्हा साडेअकरा झाले होते. त्या अवधीत कोणीही बिल आणून समोर ठेवले नाही. मागितल्याशिवाय बिल आणणे हा तेथे पाहुण्याचा अपमान समजतात. छप्पन दुकानवर उभ्या उभ्या पोहे खाऊन हात पुसत स्कूटरवर बसणाऱ्या आम्हा इंदूरकरांना हे पचायला वेळ लागतो.

जागा बास्तीय चौकाच्या मागच्या एका गल्लीत. आत शिरताच जस्ताचा पत्रा चढवलेला काउंटर, भिंतीला लागून लाल रेक्झिनची लांब बाके, टेबलांवर लाल-पांढऱ्या चौकड्यांचे कापड आणि त्यावर पुन्हा कागद. दोन टेबलांमध्ये अंतर इतके कमी की आत बसायचे तर मालकाने टेबल ओढून वाट करून द्यायची आणि परत लोटायचे. शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागते. जेवणाची यादी म्हणजे खडूने लिहिलेला काळा फळा, जो मालक स्वतः उचलून आणतो आणि तुमच्या समोरच्या खुर्चीवर उभा करतो. मला पहिलीतल्या मास्तरांची आठवण झाली. मालक सत्तरीचा, मिशाळ, पोटावर निळा एप्रन. स्वयंपाकघरात त्याची पत्नी. तिसरा माणूस म्हणजे भांडी घासणारा एक तमिळ तरुण, जो मधूनच दारातून डोकावून आमच्याकडे पाहून हसला.

मुलगी दर पंधरा दिवसांनी तेथे जात असल्याने मालकाशी तिची ओळख होती. तिने त्याला सांगितले, हे माझे वडील, इंदूरहून आले आहेत, मांस-मासे खात नाहीत. आपले शहर जगाला ठाऊक असते असा प्रत्येकाचा समज असतो. मी मुलीकरवी त्याला सांगायला लावले की आमच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात माणिकबाग महालासाठी रूलमान यांच्यासारख्या पॅरिसच्या कलावंतांकडून सामान करून घेतले होते आणि २०१९ साली त्याच सामानाचे प्रदर्शन याच शहरातल्या संग्रहालयात भरले होते. मालकाने आदराने मान हलवली व म्हणाला, त्या बाजूला तो कधी जात नाही. त्या महालात पुढे केंद्रीय अबकारी खात्याची कचेरी आली आणि मीही तेथे कामानिमित्तच गेलो होतो, हे मी सांगितले नाही.

मांसाहार नको म्हटल्यावर त्याचा चेहरा मात्र उतरला. फळ्यावरच्या अकरा पदार्थांपैकी नऊ बाद झाले. तो आत गेला, आतून बाईंचा आवाज आला, आणि तो हसत बाहेर आला. मसूर करते म्हणाल्या, डुकराचे तुकडे न घालता. आणि अलिगो.

तोवर पाणी आणि पाव आले. येथे मला थोडे खात्याच्या भाषेत बोलू द्यावे. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर नळाचे पाणी आणि पाव यांचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. तसा शासकीय आदेश १९६७ पासून आहे. दारूच्या प्रत्येक प्रकारापुढे किमतीबरोबर किती सेंटीलिटर हेही लिहावे लागते. सेवेचा आकार छापील किमतीतच धरलेला असावा लागतो. दर बाहेर, रस्त्यावरून वाचता येतील असे लावावे लागतात. हे सारे त्या आठ टेबलांच्या दुकानात होते. मुलीने माझ्यादेखत प्रथमच, थोडेसे अवघडून, तांबड्या वाइनचा एक पेला मागवला. फळ्यावर लिहिले होते '१२ सें.लि.' पेला आला आणि माझा हात सवयीने पुढे गेला. मी तो उचलून दिव्यासमोर धरला, मापाची रेघ कुठे आहे ते पाहायला. रेघ नव्हती. मालक धावत आला, पेला घाणेरडा आहे का म्हणून. मुलीने कपाळाला हात लावला आणि त्याला काहीतरी सांगितले. तो ऐकत राहिला, मग एकदम मोठ्याने हसला, काउंटरमागून एक कोरलेले मापाचे भांडे घेऊन आला, त्यात माझ्यादेखत वाइन ओतली, आणि ती पेल्यात उलटली. बारा भरून वर थोडी उरली होती. तीही त्याने पेल्यात घातली. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या.

पाव टोपलीतून येतो; त्याला ताटली नसते, तुकडा सरळ टेबलावरच्या कागदावर ठेवायचा. आमच्या आजीने हे पाहिले असते तर तेथेच उठून हात धुतले असते. परंतु हा पाव हे तेथले खरे भांडे. ताटातला रस टिपायचा, काट्यावर घास लोटायचा, दोन पदार्थांच्या मधली वेळ भरून काढायची, सगळे त्यानेच.

मसूर आला. आपला तांबूस मसूर नव्हे. बारीक, गडद हिरवा, शिजूनही प्रत्येक दाणा वेगळा. ल पुई नावाच्या गावाच्या परिसरात, ज्वालामुखीच्या मातीत तो होतो, आणि आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखा त्याच्या नावाला १९९६ पासून कायद्याचा आधार आहे. त्यात गाजराचे, कांद्याचे बारीक तुकडे, तमालपत्र, वरून मोहरीची चटणी कालवलेले तेल-व्हिनेगर. हळद नाही, फोडणी नाही, गूळ-आमसूल नाही. पहिला घास मी कर्तव्य म्हणून घेतला. दुसऱ्या घासाला तमालपत्र जाणवले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "हे तिला आवडले असते."

मुलीने काटा खाली ठेवला.

त्या तीन वर्षांत आम्ही दोघे दर रविवारी फोनवर बोलत होतो. हवामान, गुडघे, घराचा कर, मावशीकडची लग्ने. तिच्या आईच्या शेवटच्या नऊ दिवसांविषयी एकदाही नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्यावर रागावला आहात. मला ठाऊक आहे. मी आले नाही."

मी म्हणालो, तसे काही नाही.

"तुम्ही 'येऊ नकोस' म्हणालात. दोनदा म्हणालात. मी तुमचे ऐकले."

हे खरे होते. एप्रिलच्या त्या आठवड्यात तिच्या वास्तव्याच्या कार्डाची मुदत संपलेली होती, नव्या कार्डासाठी संबंधित कचेरीत भेटीची तारीखच मिळत नव्हती. ती देशाबाहेर पडली तर परत आत घेतील की नाही याची खात्री नव्हती. नोकरी गेली असती. इकडे इस्पितळात कोणाला भेटू देत नव्हते, स्मशानात रांगा होत्या. मी फोनवर, कचेरीत टिपणी लिहावी तसे, एक, दोन, तीन असे मुद्दे तिला सांगितले आणि येऊ नकोस म्हणालो. मुद्दे सगळे बरोबर होते. आजही त्यातला एकही खोडता येणार नाही. आणि फोन ठेवल्यापासून मी दाराच्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो, की ही पोरगी माझे न ऐकता येईल. ती आली नाही याचा मी तीन वर्षे मनात हिशेब ठेवला. ज्या गोष्टीची परवानगी मी स्वतः सही करून दिली होती, तिचाच.

हे मी तिला त्या टेबलावर सांगितले. जसेच्या तसे, याहून कमी नीटपणे. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला मराठी येत नव्हते, हे बरे झाले. आठ टेबलांच्या जागेत कोणीतरी रडू लागले तर ते लपत नाही. बाईंनी मान वळवून खिडकीकडे पाहिले. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले तरी उजेड होता. जूनमध्ये पॅरिसला दिवस मावळायला दहा वाजतात.

थोड्या वेळाने तिने विचारले, आईने शेवटी काही मागितले होते का. मी सांगितले, सातव्या दिवशी परिचारिकेच्या फोनवरून ती माझ्याशी बोलली होती, आणि मेतकूट-भात पाठवा म्हणाली होती. बाहेरचा डबा आत घेत नव्हते. मी फाटकापाशी डबा घेऊन दोन तास उभा होतो आणि परत आलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नव्हते.

अशा वेळी अलिगो आला. हा पदार्थ गंभीर माणसाने मागवू नये. उकडलेला बटाटा, लोणी, साय, लसूण आणि ओले चीज एकत्र घोटून घोटून त्याची अशी तार काढतात की मालकाने पळी वर उचलली तर हातभर, मग खांद्याएवढी उंच फीत निघते. ती तुटत नाही. शेवटी त्याने पळीच्या कडेने कापली. चिजात वासराच्या जठरातले रेनेट असते हे मला ठाऊक होते, आणि मी खाल्ला. मालक पळी हातात घेऊन तेथेच रेंगाळला. आमचे डोळे पाहून त्याला काय कळायचे ते कळले असावे. त्याने काही विचारले नाही, स्वतःचेच सांगू लागला. मुलगी भाषांतर करीत होती.

त्याचे आजोबा मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागातले. तेथे जमीन हलकी, हिवाळा लांब. त्या मुलखातली माणसे पिढ्यान् पिढ्या पॅरिसला येत. आधी खांद्यावरून पाणी वाहत, मग घरोघर नळ आले तेव्हा कोळसा विकू लागली. कोळशाच्या दुकानात एक फळी टाकून वाइनचा पेला देऊ लागली, बायका मागे चुलीवर मसूर शिजवू लागल्या. या शहराचे पुष्कळ बिस्त्रो असे झाले. लोक त्यांना 'बुन्या' म्हणत, त्यांच्या उच्चाराची टिंगल करीत. त्यांनी आपले वर्तमानपत्र काढले, ते १८८२ साली; लग्ने आपल्यातच जमवली; आपली वाद्ये बास्तीयच्या गल्ल्यांत वाजवली. हे ऐकताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ही तर आमचीच हकिकत, फक्त चीज जास्त. दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत आमचे खापरपणजोबा वाईहून होळकरांच्या चाकरीत आले. तेव्हापासून गणपतीचे मंडळ, वाचनालय, व्याख्यानमाला, आणि सोयरिकीसाठी ग्वाल्हेर, धार, देवास, बडोदा.

मी विचारले, गावी गेल्यावर तुम्हाला काय म्हणतात?

"पॅरिसवाला," तो म्हणाला. "आणि येथे सत्तर वर्षे काढली तरी डोंगराकडचा."

वाईला आम्हाला इंदूरवाले म्हणतात, हे मी त्याला सांगितले. त्याने पळी खाली ठेवून माझ्याशी हस्तांदोलन केले आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला.

मग मुलीने पिशवीतून एक लिफाफा काढला. तिला फ्रान्सचे नागरिकत्व मिळाले होते. दोन महिन्यांपूर्वीच, आणि मला कसे सांगावे हे तिला कळत नव्हते. मी सरकारी माणूस, त्यामुळे डोळ्यांसमोर आधी कलम आले: १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे. स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. पासपोर्ट परत करायचा, मग ओ. सी. आय. कार्डासाठी अर्ज. तिने कारण सांगितले ते एका वाक्यात. परत आत घेतील की नाही, हा प्रश्न पुन्हा कधी पडू नये, आणि तुमचा फोन आला तर त्याच रात्री निघता यावे.

मला आठवले की २०२० च्या मार्चमध्ये ओ. सी. आय. वाल्यांचाही व्हिसाविना प्रवेश काही काळ थांबवला होता. ते मी बोललो नाही. मुद्दे मांडण्याची माझी हौस एप्रिल २०२१ मध्येच फिटली होती.

तिने सांगितले, अर्जात एक रकाना असतो, नाव बदलून फ्रेंच धाटणीचे करायचे आहे का. तिने 'नाही' लिहिले. "पण बाबा, त्यांना आपला ळ म्हणता येत नाही. सगळीकडे ल झाला आहे." मी म्हणालो, त्यासाठी पॅरिसला यायची गरज नव्हती. माझ्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या सेवापुस्तकात, निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, सर्वत्र हिंदीने आपला ळ केव्हाच ल करून टाकला आहे. ळ राहिला तो दारावरच्या पाटीवर आणि या पत्रिकेच्या वर्गणीदारांच्या यादीत. ती हसली. त्या संध्याकाळी प्रथमच मोकळेपणाने.

क्रेम कॅरामेल झाले, कॉफी झाली. बिल मी मागितले, मी भरले, आणि बेरीज तपासली. ती बरोबर होती. निघताना मी बाईंना मुलीकरवी विचारले, मसुराला पाणी किती घालता. त्या स्वयंपाकघराच्या दारात ओले हात एप्रनला पुसत उभ्या राहिल्या, थोडा विचार केला, आणि हाताने एक अशी खूण केली की जिचा अर्थ जगातल्या कोणत्याही नापतौल निरीक्षकाला तत्काळ कळावा: अंदाजाने. आमची मंडळीही हेच सांगत असे, आणि मी दरवेळी तिच्याशी वाद घालीत असे.

दुसऱ्या दिवशी मुलीने त्या मसुराचे एक पाकीट माझ्या सामानात घातले. त्यावर ५०० ग्रॅम छापले होते. घरी आल्यावर मी ते तोलले; पाकिटासकट ५०८ भरले. डिसेंबरात ती नव्या पासपोर्टावर आली. जुना पासपोर्ट कोपरा कापून तिला परत मिळाला आहे, तो तिने आईच्या कपाटात ठेवून दिला. पाकीट तेव्हाच फोडले. निम्मा मसूर तिने बाईंसारखा केला, निम्म्याला मी फोडणी घातली, आमसूल घातले. सोबत मेतकूट-भात केला होता. पाणी तिने घातले. मी ओट्यापाशी उभा होतो, भांडे मात्र तिला दिले नाही.